कार्बोरेटर धुणारे हात

पावसाळाभर सोप्यात उभी राहिलेली जुनी मोटारसायकल दसऱ्याच्या तोंडावर बाहेर काढायची, फडक्याने पुसायची आणि किक मारायची, हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडलेला असेल. पहिल्या किकेला काही होत नाही. पाचव्या किकेला इंजिन नुसते खोकल्यासारखे करते. दहाव्या किकेला मारणाराच घामाघूम होतो. मग कोणी चोक ओढून बघतो, कोणी टाकी हलवून पेट्रोल आहे का ते ऐकतो, कोणी प्लग काढून त्यावर फुंकर मारतो. शेवटी घरातला एखादा जाणता माणूस निदान करतो, ‘‘कार्बोरेटर साफ करायला झालाय.’’ गाडी ढकलत मेस्त्रींच्या गॅरेजवर जाते आणि तासाभराने फटफट करीत परत येते.

या तासाभरात काय घडते, ते मला आज सांगायचे आहे. कार्बोरेटर साफ करण्यात सांगण्यासारखा इतिहास तो कसला, असे वाटणे साहजिक आहे. पण मी ज्या गावात वाढलो त्या इस्लामपुरात, आणि सातारा-सांगलीच्या अशाच गावागावांत, यंत्राशी माणसांची पहिली ओळख या कामातून झाली. आज हे काम संपत आले आहे, म्हणून ते नोंदवून ठेवावेसे वाटते. गावाच्या नावाबद्दलही एक शब्द. राज्य शासनाने २०२५ साली शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय जाहीर केला. मी बोलतो आहे तो बराचसा काळ जुन्या नावाचा आहे, म्हणून तेच नाव वापरतो.

प्रथम कार्बोरेटर म्हणजे काय ते पाहू. पेट्रोल पातळ असते, आणि पातळ पेट्रोल इंजिनात नीट पेटत नाही. त्याची वाफ आणि बारीक तुषार हवेत मिसळावे लागतात, तेही मापाने. साधारणपणे एक भाग पेट्रोलला वजनाने पावणेपंधरा भाग हवा लागते. हवा कमी पडली तर प्लग काळा पडतो आणि धूर निघतो. हवा जास्त झाली तर इंजिन तापते, ओढत नाही. हे माप सांभाळणारे, मुठीत मावणारे भांडे म्हणजे कार्बोरेटर.

ते चालते कसे? पूर्वी घरोघरी डासांवर फवारायचा फ्लिटचा पंप असायचा. दांडा ढकलला की नळीच्या तोंडावरून वेगाने हवा जाई, डब्यातले औषध आपोआप वर चढे आणि त्याचे तुषार होत. कार्बोरेटरचे तत्त्व तेच आहे. चिंचोळ्या जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. कमी दाबामुळे खालच्या भांड्यातले पेट्रोल बारीक भोकातून वर ओढले जाते. वेग आणि दाब यांचे हे नाते डॅनियल बर्नूली या शास्त्रज्ञाने १७३८ सालच्या ग्रंथात मांडले. चिंचोळ्या नळीतल्या प्रवाहाचा अभ्यास इटलीच्या व्हेंच्युरीने १७९७ साली प्रसिद्ध केला. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १८९३च्या सुमारास, हंगेरीत बांकी आणि चोंका या जोडीने आणि जर्मनीत विल्हेल्म मायबाखने पेट्रोलचे तुषार करणारा कार्बोरेटर तयार केला. बुडापेस्टमधली एक फूलवाली फुलांवर तोंडाने पाणी फवारत होती, ते पाहून बांकी-चोंका यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, तत्त्व समजावून सांगायला ती चांगली आहे.

ज्या बारीक भोकातून पेट्रोल वर चढते त्याला जेट म्हणतात. गाडी वेगात असताना मेन जेट काम करतो, उभ्या जागी चालू असताना पायलट जेट. मेन जेटचे भोक एखाद्या मिलीमीटरच्या आसपास असते, आणि पायलट जेटचे तर अर्ध्या मिलीमीटरहूनही बारीक. म्हणजे एवढ्याशा भोकावर ती सगळी गाडी, तिच्यावरचा माणूस आणि मागे बांधलेल्या दुधाच्या किटल्या चालायच्या. त्या भोकात धुळीचा एक कण अडकला की सगळे थांबायचे.

आता ही यंत्रे आमच्याकडे आली कशी ते पाहू. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्यात वाळवा तालुका आला आणि त्याचे ठाणे इस्लामपूर. १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली जिल्हा झाले. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधला हा मुलूख. कृष्णेपलीकडे किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०पासून लोखंडी नांगर आणि पुढे पंप करायला सुरुवात केली होती. त्या लक्ष्मणरावांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुरुस्तीतून निर्मितीकडे जाण्याची वाट या भागाला नवी नव्हती. विहिरींवर मोटेच्या जागी ऑइल इंजिन आले तेव्हा ते दुरुस्त करणारे मेस्त्री तयार झाले. मोटारसायकली आल्या तेव्हा त्यांच्याकडेच आल्या.

१९५५ साली मद्रासला बुलेट जुळवायला सुरुवात झाली. म्हैसूरला १९६०-६१च्या सुमारास झेकोस्लोव्हाकियाच्या जावाचा कारखाना निघाला. तीच गाडी १९७३पासून येझदी नावाने येऊ लागली. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या गाडीच्या नमुन्यावर राजदूत काढली. पुण्यात बजाजची स्कूटर होती आणि १९७२ साली तिला चेतक हे नाव मिळाले. त्याच वर्षी कायनेटिकची लुना आली. १९७३च्या ‘बॉबी’ चित्रपटातली ठेंगणी राजदूत पाहून गावातल्या पोरांना वेड लागले. पण आमच्याकडची राजदूत पडद्यावरची नव्हती. ती दणकट, काळी आणि ओझ्याची होती.

त्या काळी गाडी घेणे म्हणजे नाव नोंदवून वाट पाहणे. बजाजच्या स्कूटरसाठी तर अनेकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. अशी गाडी बिघडली म्हणून कोणी विकत नसे. वडिलांनी घेतलेली गाडी मुलगा चालवी आणि कधी कधी नातूही. सहकारी साखर कारखाने उभे राहिले, ऊसबिल हातात येऊ लागले आणि गावात गाड्या वाढल्या. दूध संघांची संकलन केंद्रे निघाली आणि पहाटे दोन्ही बाजूंना किटल्या लावलेल्या मोटारसायकली रस्त्यावर दिसू लागल्या. दूध नासायच्या आत पोचले पाहिजे, म्हणून गवळ्याची गाडी बंद पडून चालत नसे. गॅरेजचा धंदा असा वाढला.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी एक जुनी राजदूत घेतली होती आणि ती दर दोन-तीन महिन्यांनी पेठ-सांगली रस्त्यावरच्या एका गॅरेजवर जायची. तिच्याबरोबर मीही जायचो. पत्र्याचे छप्पर, तेलाने काळी झालेली जमीन, भिंतीवर ओळीने अडकवलेले पाने आणि मारुतीचा एक फोटो. मेस्त्री गाडीजवळ येऊन आधी नुसते ऐकायचे. ‘‘मास्तर, ही मिसफायर करत्याय. वरच्या चालीला रडत्याय. मेन जेट बघाया पायजे.’’ डॉक्टरने छातीला नळी लावावी तसे ते ऐकणे असायचे.

मग काम सुरू होई. आधी टाकीचा कॉक बंद. मग पेट्रोलची नळी काढायची आणि दोन नट सैल करून कार्बोरेटर हातात घ्यायचा. तो लगेच उघडायचा नाही. बाहेरची माती ब्रशने आणि पेट्रोलने आधी धुवायची, नाहीतर उघडल्यावर तीच आत जाते. मग खालचे भांडे काढायचे आणि त्यातले पेट्रोल पांढऱ्या ताटलीत ओतायचे. ताटली पांढरीच हवी, कारण त्यात तळाला काय बसते यावरून रोग कळतो. तांबूस कण असले तर टाकी गंजली आहे. थेंब वेगळे होऊन गोळीसारखे पळत असले तर पेट्रोलमध्ये पाणी आहे. तपकिरी, चिकट, गुळाच्या पाकासारखा थर असला तर गाडी बरेच दिवस उभी होती आणि पेट्रोल उडून त्याचा डिंक झाला आहे.

त्यानंतर फ्लोटची पिन, फ्लोट, सुई, जेट, स्लाइड, हवेचा स्क्रू असे एकेक भाग काढायचे आणि ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने फडक्यावर मांडायचे. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो घट्ट करत न्यायचा आणि किती फेरे बसतात ते मोजायचे. मेस्त्री मोठ्याने मोजत, ‘‘एक... दीड,’’ आणि हाताखालच्या पोराने ते ध्यानात ठेवायचे. परत बसवताना तितकेच फेरे सोडायचे. जेट पेट्रोलमध्ये भिजत घालायचा, मग फुंकर किंवा हवा भरायच्या पंपाचा झोत मारायचा आणि उजेडाकडे धरून बघायचा. भोकातून पूर्ण गोल उजेड दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर पुन्हा भिजवायचा.

एक नियम मात्र कडक होता. जेटमध्ये तार घालायची नाही. एकदा मी उत्साहाने टाचणी उचलली तेव्हा मेस्त्रींनी माझा हात धरला. ‘‘बाळ, तारंनं टोचायचं न्हाई. जेट पितळंचा, टाचणी लोखंडाची. भोक केसभर मोठं झालं तर गाडी जलमभर जादा पेट्रोल खाईल. आन ती का खातीया, हे कुणालाच कळायचं न्हाई.’’ लोखंडापेक्षा पितळ मऊ असते हे मी शाळेत नंतर शिकलो, आधी इथे शिकलो. वेग आणि दाब यांचे नातेही पुस्तकात अकरावीला आले. त्या पत्र्याच्या छपराखाली ते मी चौथीत हाताळले होते.

प्रत्येक गाडीच्या कार्बोरेटरची जात वेगळी असे. जुन्या बुलेटवर बर्मिंगहॅमच्या अमलचा वंश होता. तीन इंग्रज कंपन्या एकत्र येऊन १९२७ साली ही अमल कंपनी झाली होती. जावा-येझदीवर झेक घराण्याचा जिकोव्ह, आणि चेतकवर स्पाको. पुढे आलेल्या जपानी गाड्यांवर मिकुनी आणि केहिन. यातल्या मिकुनीने साठच्या दशकाच्या आरंभी अमलकडून परवाना घेऊनच पुढची वाटचाल केली. आमच्या मेस्त्रींना बर्मिंगहॅम कुठे आहे ते ठाऊक नव्हते, पण जपानी कार्बोरेटर पहिल्यांदा उघडल्यावर ते म्हणाले होते, ‘‘ह्यो बुलेटच्या घरातलाच दिसतोय.’’ इतिहासाच्या पुस्तकाशिवाय, नुसत्या बोटांनी त्यांनी नाते ओळखले होते.

सुटे भाग सहज मिळत नसत. मग जाड कागद कार्बोरेटरच्या तोंडावर धरून हातोडीने हलके ठोकत त्याचे गॅस्केट कापले जाई. पितळी फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले की तो बुडायचा आणि कार्बोरेटर वाहू लागायचा. असा फ्लोट गरम पाण्यात धरला की आतले पेट्रोल तापून भोकातून बुडबुडे येतात. तिथे डाग देऊन तो पुन्हा वापरात येई. ही कारागिरी कोणत्याही कंपनीच्या पुस्तकात नव्हती. ती कोल्हापूरच्या उद्यमनगरातून, मिरजेच्या गॅरेजमधून, एका मेस्त्रीकडून दुसऱ्याकडे येत गेली.

श्रोतेहो, ताटलीतल्या त्या गाळात त्या काळचे समाजजीवनही बसलेले असे. मुरुमाच्या रस्त्यांची धूळ त्यात होती. दोन स्ट्रोकच्या गाड्यांत पेट्रोलमध्ये मिसळावे लागणारे ऑइल होते. आणि त्यात रॉकेलही होते. रेशनवरचे रॉकेल सवलतीत मिळायचे आणि पेट्रोल महाग, त्यामुळे दोहोंची भेसळ करण्याचा मोह मोठा होता. रॉकेल पेट्रोलइतके सहज उडत नाही. ते अर्धवट जळते, धूर करते आणि मागे काजळी ठेवते. मेस्त्री ताटलीतला थेंब बोटावर चोळून वास घेत आणि काही न बोलता वडिलांकडे बघत. पेट्रोल कोणत्या पंपावर भरले हे वडील सांगत नसत आणि मेस्त्री विचारत नसत. गावात राहायचे होते.

रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला गेला तो ही चोरी ओळखता यावी म्हणून. पंपावर फिल्टर पेपर मागून त्यावर पेट्रोलचा थेंब टाकून बघण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. शुद्ध पेट्रोल उडून जाते, डाग ठेवत नाही. तरीही भेसळ थांबली नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाच्या भेसळखोरांनी भर दिवसा जाळून मारले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. ताटलीतला तो चिकट थर किती खोल गेला होता, हे त्या दिवशी कळले. पुढे शिधापत्रिकेवरचे रॉकेल कमी होत गेले, घरोघरी गॅस आला आणि ही भेसळ ओसरली.

या कामाची दुसरी काळी बाजूही सांगितली पाहिजे. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे हे गॅरेजमधल्या पोराचे रोजचे काम होते. हात धुवायचे तेही पेट्रोलने. देशभर शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २०००पासून मिळू लागले. त्याआधीच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. गॅरेजमधली ती पोरे बारा-तेरा वर्षांची असत. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर सरसकट बंदी आली ती २०१६ साली, आणि तीही घरच्या धंद्याची सवलत ठेवून. माझ्या वर्गातला एक मुलगा सातवीतून शाळा सोडून त्या गॅरेजवर राहिला. पुढे तो उत्तम मेस्त्री झाला. पण मी ते काम सुटीच्या दिवशी हौसेने शिकलो आणि तो पोटासाठी शिकला. जुन्या दिवसांच्या आठवणी काढताना हा फरक मला विसरता येत नाही.

१९८५च्या आसपास काळ बदलला. शंभर सीसीच्या जपानी गाड्या आल्या, यामाहाची आरएक्स १०० आणि हिरो होंडाची सीडी १००. हिरो होंडा चार स्ट्रोकची होती. पेट्रोल कमी खायची, ऑइल मिसळावे लागत नसे आणि कार्बोरेटर महिनोन्‌महिने उघडावा लागत नसे. मेस्त्री गमतीने म्हणत, ‘‘ही गाडी आमच्या पोटावर उठल्याय.’’ पण गाड्यांची संख्याच इतकी वाढली की गॅरेजची गर्दी कमी झाली नाही. आपल्या शेजारच्या इचलकरंजीतल्या फ्युएल इन्स्ट्रुमेंट्स अँड इंजिनिअर्स या उद्योगाशी जपानच्या केहिन कंपनीने भागीदारी केली आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात चाकणला कारखाना निघाला. कापडाच्या गावातल्या यंत्रकारागिरीचे नाव जपानी कार्बोरेटरच्या नावाशेजारी बसले. या भागाच्या इतिहासात ही गोष्ट आवर्जून लिहून ठेवली पाहिजे.

मग प्रदूषणाचे नियम आले. कार्बोरेटर कितीही नीट लावला तरी थंडी, ऊन आणि चढ यांनुसार तो स्वतःला बदलू शकत नाही. इंधन इंजेक्शनच्या गाडीत हवेचा आणि धुराचा अंदाज घेणारे सेन्सर असतात. एक छोटा संगणक क्षणाक्षणाला पेट्रोल मोजून सोडतो. चाकणला तयार झालेली पल्सर २२० ही गाडी २००७ साली इंजेक्शन घेऊन आली तेव्हा ती चैन वाटली होती. १ एप्रिल २०१७पासून विक्रीच्या सर्व नव्या गाड्यांना भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहा लागू झाले. त्यानंतर अगदी थोडे अपवाद वगळता नव्या दुचाकींवरून जुना कार्बोरेटर गेला. शहरातल्या मुलांच्या फुप्फुसांसाठी हे योग्यच झाले. जुन्या यंत्राच्या प्रेमापोटी त्याचा धूर गोड मानता येणार नाही.

पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच. वाड्यावस्त्यांवर, मळ्यात वैरण आणायला, बाजाराला भाजी न्यायला पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गाडीच चालते. नवी घेण्याची ऐपत नाही आणि जुनी चालते आहे. आणि नेमका याच गाड्यांपुढे आता एक नवा प्रश्न आला आहे. गंमत अशी, की तो आमच्याच शेतातून आला आहे.

पेट्रोलमध्ये उसाच्या मळीचे अल्कोहोल मिसळायची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर मोटारी चालल्या. १९४८ साली पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठी ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदाही झाला. पण खरी सुरुवात २००१ साली झाली. त्या वर्षी केंद्र सरकारने पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे तीन प्रायोगिक प्रकल्प घेतले, त्यांतले दोन महाराष्ट्रात होते, एक मनमाडला आणि दुसरा आपल्या मिरजेला. २००३पासून नऊ राज्यांत पाच टक्क्यांचे धोरण आले. २०२२ साली देशाने दहा टक्के गाठले आणि २०२५ साली वीस टक्के. या प्रवासात वाळवा तालुक्यासारख्या ऊसपट्ट्याचा वाटा मोठा आहे. कारखान्याला साखरेशिवाय दुसरे गिऱ्हाईक मिळाले आणि परकीय तेलावरचा खर्च वाचला. हे सगळे खरे आहे.

जुन्या कार्बोरेटरची अडचण वेगळी आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि पाणी फार झाले, की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. तळ म्हणजे कार्बोरेटरचे भांडे. तिथे जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी धरते, पितळ हिरवे पडते, जुने रबर फुगते किंवा ठिसूळ होते. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला डिंक इथेनॉल सोडवते आणि तो येऊन जेटमध्ये अडकतो. शिवाय इथेनॉलला हवा कमी लागते. इंजेक्शनची गाडी हे ओळखून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरला ते कळत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून गाडी थोडी कमी पळते. जुन्या दुचाकींच्या बाबतीत ही घट तीन ते चार टक्के असेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात दिला होता. तीन-चार टक्के हा आकडा लहान दिसतो, पण रोज पंचवीस-तीस किलोमीटर दूध घालणाऱ्या माणसाला तो महिन्याच्या हिशेबात दिसतो.

म्हणजे पाहा, उसाने ज्या शेतकऱ्याला गाडी दिली, त्याच उसाचा रस आता त्याच्या जुन्या गाडीच्या जेटशी भांडतो आहे. यात कोणाला दोषी धरावे असे मला वाटत नाही. पण धोरण ठरवताना २०२३नंतरची नवी गाडी घेणाऱ्याबरोबर १९९८ची गाडी चालवणाऱ्याचाही विचार व्हायला हवा. त्याला कोणते रबर बदलायचे, कोणता जेट लावायचा, हे मराठीत सांगणारे एक पत्रक पंपावर मिळाले तरी पुष्कळ होईल.

तोवर जुन्या मेस्त्रींचे शहाणपण उपयोगी पडेल. गाडी आठ-पंधरा दिवस उभी करायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे भांड्यात पेट्रोल राहत नाही. टाकी अर्धवट ठेवू नये. रिकाम्या जागेत हवा, आणि हवेत ओलावा. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर बदलून घ्यावेत. पेट्रोलच्या नळीत एक साधा फिल्टर बसवावा. कार्बोरेटर घरी उघडायचा असेल तर मोकळ्या हवेत, विडी-काडी आणि चुलीपासून लांब उघडावा. पेट्रोल तोंडाने ओढू नये आणि हात साबणाने धुवावेत. आणि जेटमध्ये टाचणी घालू नये.

माझे ते मेस्त्री आता नाहीत. गॅरेज त्यांचा मुलगा चालवतो. त्याच्याकडे सेन्सर तपासायचे यंत्र आहे. गाडीला वायर जोडली की पडद्यावर बिघाडाचा आकडा दिसतो, आणि बहुतेक वेळा भाग दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. मी त्याला विचारले, काम सोपे झाले का? तो म्हणाला, ‘‘सर, काम सोपं झालं, पण पोरं शिकत न्हाईत. आकडा सांगतो ते करत्यात. का झालं ते इचारत न्हाईत.’’

त्याचे म्हणणे मला विचार करायला लावते. कार्बोरेटर ही उघडून बघता येणारी वस्तू होती. तिच्यात काय चुकले हे डोळ्यांना दिसत होते, बोटांना लागत होते. सातवीत शाळा सुटलेल्या मुलालाही ती आपले गुपित सांगत होती. नवी यंत्रे अधिक शहाणी आहेत, पण ती आपले गुपित फक्त कंपनीला सांगतात. आपल्या तालुक्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तिथल्या एका टेबलावर जुना अमल, जिकोव्ह, स्पाको आणि मिकुनी उघडून ठेवावेत. एखाद्या वयस्क मेस्त्रीला मानाने बोलवावे आणि ताटलीतला गाळ कसा वाचायचा ते मुलांना दाखवायला सांगावे. ते बोलतील ते कोणीतरी लिहून घ्यावे. कारण हे ज्ञान कुठेच छापलेले नाही.

गेल्या खंडेनवमीला मी त्या गॅरेजवर गेलो होतो. पाने, पकडी, हातोड्या धुऊन मांडल्या होत्या, त्यांना हळदकुंकू लावले होते. त्या सेन्सरच्या यंत्रालाही झेंडूचे फूल वाहिले होते. त्याच्या शेजारी वडिलांच्या वेळची पांढरी ताटली होती, कडेला टवके उडालेली. तिच्यात एक जुना कार्बोरेटर स्वच्छ धुऊन ठेवला होता. मी म्हटले, हा कोणाचा? तो म्हणाला, ‘‘गिऱ्हाइकाचाच हाय सर. उद्या दसऱ्याला न्यायचाय. राजदूत हाय, त्येंच्या आजोबांची.’’ मी जेट उचलला आणि उजेडाकडे धरला. भोक पूर्ण गोल दिसत होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)